काकीचं यंत्र, गल्लीचे हात

आमच्या अक्काताई काकीला कुणी पेशंट म्हटलेलं खपत नाही. "पेशंट म्हंजे खाटंवर पडून असतंय. मी काय पडून हाय काय?" असं ती बेळगावच्या डॉक्टरीणबाईंना त्यांच्याच टेबलासमोर बसून विचारून आली आहे. आपल्याला बीपी आहे हे ती 'माझ्याकडं दोन म्हशी हायत' अशा सुरात सांगते. आहे, सांभाळते, त्यात काय एवढं.

गाव आमचं जांबोटीच्या अलीकडे, रानाला लागून. खानापूरहून येणारी बस तिच्या मनात आलं तर येते. बेळगावच्या दवाखान्यात जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, आणि रस्त्याच्या कृपेनं कंबरही. दोन वर्षांपूर्वी काकी खळ्यात चक्कर येऊन पडली तेव्हा मीच तिला बेळगावला डॉ. पारमिता कांबळे यांच्याकडे घेऊन गेले. मी तिथं इन्शुरन्सच्या ऑफिसात नोकरीला आहे, त्यामुळे गावातल्या कुणालाही दुखलंखुपलं की वाट माझ्या दारावरूनच जाते. डॉक्टर मूळच्या निपाणीच्या, बोलायला मोजक्या. त्यांनी गोळी लिहून दिली आणि सांगितलं, दर महिन्याला येऊ नका. घरी यंत्रावर बीपी मोजा, आकडे मोबाईलवरच्या ॲपमधून मला दिसतील. गोळीत काही फरक करायचा असला तर मी तिथंच कळवीन.

यंत्र साधं आहे. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, पट्टा फुगतो, उतरतो आणि आकडा आपोआप मोबाईलमध्ये जातो. बटणं दोन आहेत, एक आणि दोन, म्हणजे घरातल्या दोघांचे आकडे वेगळे राहतात. दोन नंबर परशराम काकांसाठी ठेवला होता, पण काका पट्टा बघितला की गोठ्यात जाऊन बसतात. त्यामुळे त्या बटणाला कुणाचं बोट कधी लागलंच नाही.

गावात घराघरांत रेंज नाही. ती देवळामागच्या टेकाडावर मिळते. काकी रोज संध्याकाळी म्हशी घेऊन तिकडूनच परतते. म्हशी टेकाड उतरेपर्यंत तिचे आकडे बेळगावला पोचलेले असतात. म्हशी हुकल्या तर आकडेही हुकतात.

आणि नुसते आकडे पाठवून गप्प बसणाऱ्यांतली ती नाही. पहिल्याच उन्हाळ्यात तिनं तीन दिवस सुका बांगडा खाल्ला, तीन दिवस सोडला, मग लोणच्याचं तसंच केलं, आणि डॉक्टरांना आवाजी मेसेज धाडला: "बाई, बांगड्यानं वीस वाढतंय, लोणच्यानं धा. ह्यातलं एक सोडतो. कुठलं ते सांगा." डॉक्टरांनी सांगितलं, बांगडा. काकीनं लोणचं सोडलं आणि बांगडा रविवारपुरता ठेवला. तरीही बीपी ताळ्यावर आलं. डॉक्टरांनी मला फोनवर विचारलं, "तुमच्या काकी नेहमीच असा सौदा करतात का?" मी म्हटलं, तुम्हाला अजून काहीच दिसलेलं नाही.

आता खरी भानगड सांगते. आमच्या गल्लीत शेवयांचं यंत्र एकच आहे. ते मंगलच्या घरी असतं, पण मंगलचं नाही, गल्लीचं आहे. आज इथं तर उद्या तिथं. बीपीचं यंत्र आलं तेव्हा गल्लीनं त्यालाही त्याच रांगेत बसवलं. काकी दुपारी कट्ट्यावर पट्टा बांधून बसली की शेजारणी जमायच्या. "माझं बी बघ गं." काकीनं नाही म्हणणं शक्यच नव्हतं. हळूहळू सगळ्या जणी स्वतःच पट्टा बांधायला आणि स्वतःच बटण दाबायला शिकल्या. बटण अर्थात पहिलंच. यंत्र काकीचं, हात गल्लीचे, आणि नाव सगळ्या आकड्यांना एकच, अक्काताई परशराम गावडे.

सगळ्या जणी म्हणजे एक सोडून. ती एक म्हणजे माझी आई.

आई म्हणजे रुक्माबाई, काकीची थोरली जाऊ. घर एकच, मध्ये भिंत, गोठा सामाईक. दोघींनी एका चुलीवर उभा जन्म काढला आणि एकमेकींची बाळंतपणं काढली. मग माझ्या भावाचं, नागेंद्रचं लग्न निघालं. हळदीच्या आवतणाला आई कुंकवाचा करंडा घेऊन सगळ्या गल्लीत फिरली, आणि भिंतीपलीकडच्या जावेला मात्र तिनं निरोप धाडला. आईचं म्हणणं, घर पाहुण्यांनी भरलेलं, हात पिठात, घरच्याच माणसाला कसलं आवतण? काकीचं म्हणणं, गल्लीला करंडा आणि मला निरोप? चूक कुणाची ते मला विचारू नका. एकीनं मला जन्म दिलाय आणि दुसरीनं न्हाऊमाखू घातलंय.

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. बंद म्हणजे तोंडावर बंद. गोठ्यात आई आपल्या म्हशीला म्हणायची, "आज नळाला पाणी येणार न्हाय बरं का गं, भरून ठेवायला पायजे." लगेच पलीकडे काकी घागर उचलायची. काकी तिच्या म्हशीला सांगायची, "वैरण संपत आली बाई, परवा गाडी येतीया." की आई दावणीतली जागा रिकामी करायची. गावातल्या सगळ्या बातम्या आमच्या म्हशींना आधी कळतात. मला हसू यायचं, मग रडू यायचं आणि शेवटी राग. दोघी पन्नाशी उलटलेल्या बायका, आणि वागणं पाटीवर थुंकून भांडणाऱ्या पोरींचं.

यंदा गावात लक्ष्मीची यात्रा होती. ती दरवर्षी भरत नाही, बऱ्याच वर्षांनी येते, आणि यायच्या आधी मंगळवारी नि शुक्रवारी वार पाळायचे असतात. वाराच्या दिवशी गावात चूल पेटत नाही, शेतात कुदळ पडत नाही. सगळं गाव सकाळी शिवारात जातं, तिथंच झाडाखाली शिजवतं, जेवतं आणि दिवेलागणीला घरी परततं. त्या दिवशी गावच्या माणसानं शीव ओलांडायची नाही. गल्लीचं जेवण एकत्र असतं, त्यामुळे आई आणि काकी एकाच पंगतीत आल्या. एक या टोकाला बसली, दुसरी वाढायला उभी राहिली. काकीची बीपी मोजायची वेळ दुपारची, म्हणून यंत्र पिशवीतून शिवारात गेलं होतं. जेवणाआधी ते पंगतीभर फिरलं, मग आंब्याखाली चटईवर पडून राहिलं.

त्या मंगळवारचे आकडे म्हशींच्या पावलांनी बुधवारी संध्याकाळी टेकाडावर पोचले. गुरुवारी सकाळी डॉक्टरांचा मला फोन आला. आवाज नेहमीसारखा शांत नव्हता.

"रचना, काकी कशा आहेत? परवा दुपारचं एक रीडिंग एकशे शहाण्णव आहे, खालचं एकशे अठरा. आणि त्याच्या थोडंसंच आधी एकशे बारा आहे. एका माणसाचं असं खालीवर होत नाही. पण त्यांचं असलं तर आजच आणा. त्यांचं नसलं, तर ज्या कुणाचं आहे त्या बाईला आणा. हे वाट बघण्यातलं नाही."

गावात फोन लागणार नाही हे माहीत असल्यानं मी ऑफिसात सांगून स्कूटर काढली.

काकी अंगणात फणसाचे पापड वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं. तिनं हात पुसले, तिथंच पट्टा बांधला. एकशे अठ्ठावीस. "हे बघ. ते माझं न्हाय," ती ठसक्यात म्हणाली. आणि मग तिचा चेहरा उतरला. "मग कुणाचं गं?"

आता कळलं काय झालंय ते. गल्लीतल्या कुणाचं तरी रक्त उतू जायच्या बेताला आलं होतं, आणि त्या बाईला त्याचा पत्ता नव्हता. आकडा होता, वेळ होती, माणूस नव्हतं. मी घाबरले. काकी घाबरली असली तर तिनं दाखवलं नाही. तिनं यंत्र काखेला मारलं आणि म्हणाली, "चल. बसून काय कळणार हाय?"

आम्ही गल्लीच्या वरच्या टोकापासून सुरुवात केली. काकीला पंगत पाठ होती. कोण कुणाशेजारी बसली, कुणी आमटी जास्त मागितली, कुणी भाताला नको म्हटलं, सगळं. मंगलचं एकशे चौतीस निघालं. तिच्या सासूचं थोडं जास्त, पण ती आधीपासून गोळी घेते. दारोदारी चहा होत होता, मी कप रिकामे करत होते, काकी पट्टा बांधत होती. भावकू आजोबांनी आपणहून दंड पुढं केला. पंगतीत ते बायकांत नव्हते हे सांगूनही ऐकेनात. त्यांचा आकडा सगळ्या गल्लीत चांगला निघाला, आणि त्यांनी तो रस्त्यावरच्या दोघातिघांना बोलावून ऐकवला. एरवी मी पोट धरून हसले असते.

खालच्या टोकाला पोचेपर्यंत सगळे हात संपले. एकही एकशे शहाण्णवच्या आसपासचं नाही. आम्ही परत येऊन घराच्या पायरीवर बसलो. काकी पट्टा पिशवीत कोंबायला गेली आणि तिचा हात थांबला.

"परवा ह्यो पट्टा घडी घालून ठेवलेला हुता," ती म्हणाली.

"मग?"

"ह्या बायका पट्टा काढत्यात आणि टाकून देत्यात. परवा सगळ्या वढ्यावर हात धुवायला गेलत्या. परत आलो तर नळी गुंडाळलेली, पट्टा चौपदरी, वरनं बंद लावलेला. मला तवा कामाच्या गडबडीत सुचलं न्हाय." ती भिंतीकडे बघत राहिली. "असली घडी गल्लीत एकच बाई घालती. लुगडं असू दे, पोतं असू दे, अशीच. त्या हातची घडी मी अंधारात वळखीन."

गल्लीतली सगळी दारं आम्ही ठोठावली होती, भिंतीला लागून असलेलं एक सोडून. आणि त्याच दाराआड मी जन्मले होते.

मी उठले. "मी आईला विचारते."

"तू विचारशील, ती न्हाय म्हणंल. मग तू रडशील, ती हसंल, म्हणंल अक्काताईनं धाडली तुला." काकीनं माझा हात धरून मला खाली बसवलं. "हितं निरोप्या नको. निरोपानंच तर सगळं झालंय."

आई गोठ्यात वैरण टाकत होती. काकी आपल्या म्हशीजवळ जाऊन उभी राहिली. सवयीनं तिनं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला, तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती वळली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ आईच्या तोंडाकडे बघून बोलली.

"रुक्माक्का, हात काढ."

आईच्या हातातली वैरण तशीच राहिली. तिनं आधी काकीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग काकीच्या काखेतल्या यंत्राकडे. ती काही खोटं बोलली नाही. आईला खोटं जमत नाही, अबोला जमतो.

"एवढ्यासाठी कशाला आलीस," ती म्हणाली. "निरोप धाडला असतास तरी चाललं असतं."

"निरोपानं बीपी मोजता येत न्हाय," काकी म्हणाली. "हात काढ."

आईनं पदर सावरून दंड पुढे केला. काकीनं पट्टा बांधला, आणि पहिलं बटण सोडून दुसरं दाबलं. पट्टा फुगताना गोठ्यात रवंथाशिवाय आवाज नव्हता. एकशे ब्याण्णव. मी स्कूटर घेऊन टेकाडावर धावले आणि डॉक्टरांना फोन लावला. डोकं दुखतं का, डोळ्यांसमोर ठिपके येतात का, त्यांनी विचारलं. परत येऊन मी आईला विचारलं तर ती म्हणाली, "ते यात्रा ठरल्यापासनं हाय. उन्हानं असंल."

तालुक्याच्या दवाखान्यात दाखवून तसंच पुढे बेळगावला यायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. मंगलच्या दिराची, विक्रमची गाडी दारात आली. आणि आई उंबऱ्यावर अडून बसली.

"उद्या वार हाय. मी शिवंभायर राहिलो आणि यात्रंला काय वंगाळ झालं, तर गाव माझ्या नावानं खडे फोडंल."

मला इतका संताप आला की मी तोंड उघडलं असतं तर नको ते बोलले असते. काकीनं मात्र शांतपणे घरात जाऊन आपली साडी पिशवीत टाकली आणि गाडीत आईच्या जागेशेजारी जाऊन बसली.

"मी बी भायरच राहतो," ती म्हणाली. "खडे फुटतील ते दोघींच्या नावानं फुटतील. आणि देवीला काय सांगायचं ते मी सांगतो, तू गप बस. तुला कुठं नीट सांगता येतंय?"

आई उठली आणि गाडीत बसली. खानापूरपर्यंत दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत. पण प्रत्येक खड्ड्याला काकीचा हात आईच्या गुडघ्यावर जायचा, आणि आई तो काढत नव्हती.

बेळगावच्या दवाखान्यात दोन रात्री राहावं लागलं. आकडा सावकाश खाली आला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आणखी थोडे दिवस गेले असते तर एक अंग लुळं पडलं असतं. किंवा त्याहून वाईट." मी बाहेरच्या बाकावर बसून भरपूर रडले. मग तोंड धुऊन आत गेले, तर खाटेवर आई बसलेली आणि शेजारच्या स्टुलावर काकी.

"आकडा दिसलाता नव्हं तुला?" काकी विचारत होती. "मग बोलली का न्हाईस कुणाला?"

आई बराच वेळ चादरीची घडी घालत राहिली. "डोस्कं लई दुखत हुतं. म्हटलं बघावं ह्यात काय असतंय. एकशे शहाण्णव आलं. तुझं कट्ट्यावर रोज एकशेतीस ऐकू यायचं भिंतीतनं." तिनं घडी मोडून पुन्हा घातली. "मला वाटलं, जास्त म्हंजे चांगलं. तुझ्यापेक्षा माझं भारी निघालं."

काकी आधी हसली. मग स्टूल ओढून आणखी जवळ सरकली, पदर डोळ्यांना लावला, आणि त्याच पदराआडून आईला अशा काही शिव्या घातल्या की पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. आई खाली मान घालून ऐकत होती. तिचं तोंड इतकं निवांत मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

निघायच्या दिवशी डॉक्टरांनी काकीला समोर बसवलं. "यंत्र एकाच्या नावावर आणि हात दहा जणींचे. मी ते आकडे तुमचेच धरले असते तर तुमची गोळी दुप्पट केली असती. मग तुम्ही बीपी उतरून पडला असता. असं चालणार नाही."

"चुकलं," काकी म्हणाली. असा शब्द तिच्या तोंडून येतो हे मला त्या दिवशी कळलं. पण लगेच पुढे आलंच. "पण बाई, मी यंत्र कपाटात कुलपात ठेवलं असतं, तर ही सापडली असती काय?"

"नसती," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून गल्लीला बंदी करू नका. नावं वेगळी करा."

त्याच बसण्यात तोडगा निघाला. बटण एक काकीचं, बटण दोन आईचं, ॲपमध्ये दोघींची नावं. गल्लीनं मोजायचं तर आधी मोबाईलचं ब्लूटूथ बंद करायचं, आणि आकडा एकशेसाठच्या वर गेला तर काकीला तिथल्या तिथं सांगायचं. काकीनं हा नियम गल्लीत इतक्या कडक आवाजात जाहीर केला की आता यंत्राला हात लावायच्या आधी मंगल मोबाईल कुठाय ते बघते.

यात्रा नीट पार पडली. वार मोडल्याबद्दल गावात कुजबुज झाली असेल, पण काकीच्या तोंडावर बोलायची कुणाची टाप झाली नाही. देवीची ओटी भरायला निघताना आई कुंकवाचा करंडा घेऊन भिंतीला वळसा घालून काकीच्या दारात गेली. मी मुद्दाम गोठ्याच्या आडून बघत होते. ती तिथं काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. दोघी बरोबर देवळाकडे गेल्या.

पुढच्या महिन्यात मी आईसाठी वेगळं यंत्र घेऊन गेले. काकीच्या दारात रोज कशाला जायचं, उन्हापावसाचं. आईनं ते कौतुकानं बघितलं, खोक्यासकट ट्रंकेत ठेवलं आणि वर दोन लुगडी घातली. नंतर मी गेले तेव्हाही ते तिथंच होतं, आणि सकाळी उठून बघते तर आई पदर सावरत काकीच्या दाराकडे निघालेली.

"आई, घरात यंत्र आहे की गं."

"हाय की," आई म्हणाली. "पण ते नुसता आकडा सांगतंय. ती शिव्या घालती."

पलीकडून काकीचा आवाज आला, किती वेळ लावायचा म्हणून. आई चप्पल न घालताच गेली.